दुसऱ्या दगडापुढे

काशिराम चिडका आहे असं पनवेलच्या खाडीवर कुणी म्हणत नसे. खाडीला भरती येते हे जसं कुणी मुद्दाम सांगत नाही, तसंच ते. एकोणसाठाव्या वर्षी त्याच्या रागाची यादी बरीच लांब होती: खाडीत पडणारा भराव, खाडीला नाला म्हणणारे लोक, आणि मासळी न घेता नुसती दाबून बघणारी गिऱ्हाइकं. २०११ च्या उन्हाळ्यात यादीत एका मोटरची भर पडली.

होड्या काठावर ओढून घ्यायच्या कामाचा तो म्होरक्या होता. आधी बाप होता, त्याआधी आजा. जून लागण्याआधी प्रत्येक होडी पाण्याबाहेर काढून उतारावरून साठ फूट वर न्यायची. उताराच्या कडेला चुना फासलेले चार दगड होते. पहिला भरतीच्या पाण्यालगत, मग दर वीस फुटांवर एकेक. पहिल्या दगडाशी दोरीला दोनच माणसं, कारण होडी अजून तरंगत असते. ती वर सरकेल तसं पाणी तिचं ओझं सोडत जातं, आणि वाटेत ठरल्या जागी उभे असलेले गडी एकेक करून दोरीला हात घालतात. दुसऱ्या दगडाशी दहा होतात, तिसऱ्याशी अठरा. तिथे होडी पुरती कोरडी होते; पुढे चौथ्या दगडापर्यंत अठराच. आपल्या जागेआधी दोरीला लागणाऱ्याचा काशिराम सात पिढ्यांसकट उद्धार करी. आधीच दमलेला माणूस वर काय कामाचा?

पण आता अठरा माणसं रविवारशिवाय मिळेनात. तरणे लोक उरणच्या बाजूला बंदराच्या कामावर, उरलेल्यांच्या कंबरा गेलेल्या. म्हणून मच्छीमार सोसायटीने सरकारकडे विंच, म्हणजे मोटरवर दोर गुंडाळून होडी ओढणारं यंत्र, मागितला होता, आणि सोसायटीचा चेअरमन काशिराम होता. निवडून आला म्हणून नव्हे. त्याच्याशी भांडायला दुसरं कुणी उभं राहीना म्हणून.

आदल्या वर्षी विनायक नावाचा सरकारी इंजिनिअर मोजमापाला आला होता. नवीन पनवेलचा, नम्र, डोक्यावर टोपी. दोरी आणि होडी यांच्यामध्ये त्याने टांगता काटा अडकवला. पहिल्या दगडाशी काटा शंभर किलो दाखवत होता, चौथ्याशी नऊशे. मधले दोन दगड मोजून घ्या, असं काशिरामने सांगितलं. ऊन फार होतं. विनायकने हसून उत्तर दिलं, की काका, आपण ॲव्हरेज काढतो. शंभर आणि नऊशेची सरासरी पाचशे. पाचशे किलो गुणिले साठ फूट, म्हणजे तीस हजार किलो-फूट. हे काम दोन मिनिटांत व्हायचं, म्हणजे मिनिटाला पंधरा हजार, म्हणजे बरोबर एक हॉर्सपॉवर. गिअर थोडं खातील म्हणून दीडची मोटर. हिशेब इतका सुबक आला की त्याचाच त्याला आनंद झाला असावा.

मोटर आली, सिमेंटच्या चौथऱ्यावर बसली, तिला हिरवा रंगही दिला. काशिराम रोज तिच्याभोवती फेरी मारून पुटपुटत घरी येई. “तिला शिव्या देऊन काय उपेग नाय,” कृष्णाबाई, त्याची बायको, म्हणाली, “ती परगावची हाय, तिला समजायची नाय.”

त्यांची मुलगी प्रांजल सुकापूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा जोर वाढतो, म्हणून एकच जोर धरून काम काढता येत नाही, आलेखाखालचं क्षेत्रफळ काढावं लागतं, हे ती दरवर्षी शंभरेक पोरांना सांगे. बापाच्या दगडांत तेच आहे हे तिला तेहतिसाव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं. याचाही काशिरामला राग आला.

एका रविवारी तिने कळंबोलीच्या लोखंड बाजारातून काटा मागून आणला आणि अठरा माणसांकडून होडी ओढवून चारही दगडांशी आकडे घेतले. शंभर, पाचशे, नऊशे, नऊशे. माणसामागे पन्नास किलो. दोन, दहा, अठरा, अठरा. तिने आलेखाच्या कागदावर रेघ काढली. रेघ तिसऱ्या दगडापर्यंत चढत होती आणि तिथून सपाट होती. खालचे चौकोन मोजले तर तीस हजार नव्हे, अडतीस हजार भरले.

“एवढंच चुकलं असतं तर दीडच्या मोटरने कसंबसं निभावलं असतं, बाबा,” ती म्हणाली. “पण वरच्या वीस फुटांत तोच वेग ठेवायचा तर मिनिटाला सत्तावीस हजार लागतात. दोरीला जवळजवळ दोन हॉर्सपॉवर. मोटरला सरासरी ओढायची नसते, त्या क्षणाला जे लागतं ते ओढायचं असतं.”

“मंग हलू ओढायचं?”

“हळू ओढली तर चालेल. पण एका भरतीत दहाच्या जागी पाच होड्या निघतील.”

“भरती माज्या बापाची नोकर नाय,” काशिराम म्हणाला.

मंगळवारी विनायक चाचणीला आणि सहीला आला. विंच समाधानकारक चालतो, एवढंच सोसायटीने लिहून द्यायचं होतं. रिकामी छोटी होडी तेवढी वर घेऊ, असं त्याने सुचवलं. काशिरामने मोजलेलीच होडी लावायला लावली. प्रांजलचा कागद विनायकने पाहिला आणि छान आहे म्हणाला, जसं पोरांच्या चित्राला म्हणतात.

दुसऱ्या दगडापर्यंत होडी रुबाबात गेली. पुढे मोटरचा आवाज जाड झाला, तारेचा दोर ताठ झाला, आणि तिसऱ्या दगडाच्या हातभर अलीकडे सगळं थांबलं. करपल्याचा वास आला. मोटरने आपणहून वीज तोडली. होडी मागे घसरू नये म्हणून काशिरामने तिच्याखाली पाचरी ठोकल्या.

आज लोड जास्त होता, विनायक म्हणाला. शिवाय सही झाली नाही तर विंच परत जाईल, फाइल बंद होईल, मग पाच-दहा वर्षं काही मिळायचं नाही. हे तो धमकी म्हणून नाही, काळजीने सांगत होता. काशिरामला तेच असह्य झालं.

“साहेब, तुमी दोन टोकं मोजली,” तो म्हणाला. “मधी आमी मरतो.”

मग त्याने फॉर्म मागून घेतला आणि ‘समाधानकारक’ या छापील शब्दावर काट मारून सावकाश अक्षरात लिहिलं: दुसऱ्या दगडापर्यंत चालतो. पुढे अठरा माणसे लागतात, ती आमच्याकडे नाहीत. खाली सही केली, शिक्का उमटवला, आणि आलेखाचा कागद टाचणीने जोडला.

अशी नोंद फॉर्ममध्ये बसत नाही, विनायक म्हणाला.

“तुमची मोटर तरी कुटं बसतेय?”

काठावर तेव्हा नऊ माणसं होती. काशिरामने नवाला नऊ मिळवायला कृष्णाबाईसकट बायकांना हाक घातली, तरी एक कमी पडला. त्याने विनायककडे पाहिलं. विनायकने टोपी काढून चौथऱ्यावर ठेवली आणि मोकळी जागा धरली. पहिल्याच हिसक्याला त्याचे तळहात सोलवटले. वरपर्यंत काशिराम त्याला इतरांइतक्याच शिव्या देत होता.