जावयाकडचं ऑफिस

खुर्च्या कुठे मांडायच्या, हे देओलिंदा ठरवायची. दिली या राजधानीच्या शहरात समुद्राकडे तोंड करून असलेल्या त्या परदेशी विकास संस्थेच्या ऑफिसात पाण्याची, शाळांची, रस्त्यांची माणसं वेगवेगळी होती. पण गावात नळ सुरू व्हायचा असो की शाळेचं दार उघडायचं असो, मांडव, जेवण आणि पुढच्या रांगेत कोण बसणार, याचा घोर तिच्या एकटीच्या डोक्याला. देश नुकता स्वतंत्र झाला तेव्हा ती इथे चहा करायला लागली होती. नंतर साहेब आले नि गेले, संस्थेचं बोधचिन्हसुद्धा बदललं, देओलिंदा राहिली. सगळे तिला माना म्हणत, म्हणजे ताई. आताची प्रमुख कारिन, स्वीडनची, उंच, उन्हाने कायम लाल झालेली, तीही मानाच म्हणायची आणि तिला विचारल्याशिवाय कुठल्या गावात पाऊल टाकायची नाही.

अशा देओलिंदाच्या हातून ती चूक झाली, आणि झाली तीही स्वतःच्या माहेरी.

तिचं माहेर मानुतासी, डोंगराच्या पायथ्याशी. माथ्यावर फातुलोरो गाव, आणि झरा फातुलोरोचा. किती पिढ्यांपासून वरच्या मुली खाली दिलेल्या, त्यामुळे खालचं सगळं गाव वरच्यांचं जावई. मुलीकडच्यांचा मान मोठा. वर लग्न असो की मयत, जावयाकडच्यांनी रेडा घेऊन चढायचं, लाकडं फोडायची, चूल सांभाळायची, वाढायचं. मुलीकडच्यांनी डुक्कर कापून जावयांना खाऊ घालायचं आणि त्यांच्या खांद्यावर ताइस, म्हणजे हातमागाचं उपरणं, टाकायचं. रेडा वरच्यांच्या ताटात, डुक्कर खालच्यांच्या. यात चूक होत नाही. डावा-उजवा हात चुकतो का कुणाचा?

संस्थेने झऱ्यापासून खालपर्यंत नळ टाकला. वरच्यांनी त्याला होकार दिला. इंजिनियर अबीलियोने वर्षभर दगड फोडून घेतले. देओलिंदाची वहिनी लीदिया, जी वरची मुलगी, रोज पाठीवर कॅन घेऊन स्वतःच्याच माहेरच्या पाण्याला चढायची, तिने नळाच्या कट्ट्याला आधीच चुना फासून ठेवला. झऱ्याजवळची तोटी फातुलोरोचे म्हातारे लाझारो उघडणार होते. तिच्या कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांना सगळा मुलूख अवो म्हणजे आजोबा म्हणायचा. लीदियाचे तर ते सख्खे काका.

उद्घाटनाच्या दिवशी देओलिंदाने दिलीहून जेवणाचे डबे आणले. भात, पालेभाजी, डुकराचं मटण. सगळ्यांना एकसारखा डबा, कारण ऑफिसात हेच तर वर्षानुवर्षं शिकवलेलं: सगळे सारखे. ते कानात इतकं मुरलं होतं की डबे उतरवतानाही तिला काही खटकलं नाही. लाझारोंनी झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं. डबा खुर्चीवर ठेवून ते उठले आणि चढाला लागले. त्यांच्या मागे सगळं फातुलोरो उठलं. रिकाम्या खुर्च्यांवर डब्यांची रांग राहिली, तेव्हा कुठे देओलिंदाला उमगलं, वरच्यांपुढे तिने डुक्कर ठेवलं होतं.

लीदिया आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. तिने एवढंच म्हटलं, "माझ्या काकाला तू चारचौघांत जावई केलंस." आणि रिकामा कॅन पाठीला लावून ती वर निघाली.

कुलूप तोडायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पण पाऊस लागायच्या आत प्रकल्प बंद होणार होता. अबीलियोची बदली ठरली होती. त्यानंतर तो नळ म्हणजे डोंगराच्या पाठीवर मेलेला साप. ऑफिसात बैठक झाली. कोणी म्हणालं माफीचं पत्र पाठवू, कोणी म्हणालं दोन्ही गावांची कार्यशाळा घेऊ. देओलिंदाने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली की चूक जेवणात झाली आहे, ती जेवणातच निस्तरायला हवी. आणि आधी तोंड दाखवायला हवं. कारिनने टोपी उचलली.

दोघी विडा-सुपारी घेऊन वर गेल्या. लाझारोंनी सुपारी घेतली, हे एक बरं झालं. ती दातांखाली फोडली. मग कारिनकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं ऑफिस कुणाकडचं?"

कारिनने इथल्या तेतुम भाषेत, तुटक, पाठ केल्यासारखं सांगितलं की ऑफिस कुणाच्याच बाजूचं नाही, ते सगळ्यांना सारखं मानतं.

म्हाताऱ्याने मान डोलावली. "मग तुम्हाला ताट कुठलं वाढू?"

देओलिंदा पुढे सरकली. "अवो, आम्ही पाणी मागायला आलोय. मागायला येतो तो जावयाकडचा."

"तुला कोण विचारतंय? तू जन्माचीच जावयाकडची. तरी डुक्कर चारायला निघालीस आम्हाला."

देओलिंदाने मान खाली घातली. त्या टोमण्यात राग कमी आणि आपलेपणा जास्त होता, हे तिला कळलं. कारिनने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे.

"जावयाकडचं," ती म्हणाली.

"बघा हं," लाझारो म्हणाले. "जावयाला खुर्ची नसते."

रेडा मानुतासीनेच द्यायचा, हे उघड होतं. खालचे पुरुष मात्र कुरकुरले. डबे हिचे, आणि रेडा आमचा? देओलिंदाचा भाऊ सगळ्यांत जास्त कुरकुरला, कारण दावणीला धडधाकट रेडा त्याचाच होता. लीदिया त्याला म्हणाली, "नको देऊस. उद्यापासून कॅन तू वाहा." संध्याकाळच्या आत रेड्याला दोर लागला.

वरच्या जेवणाच्या दिवशी ऑफिसच्या गाडीत एकही खुर्ची नव्हती. देओलिंदाला सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. वर पोचल्यावर अबीलियोच्या हातात कुऱ्हाड आली. हिशेबाच्या टेबलावरचे बाबू झऱ्यावरून पाणी आणायला लागले आणि दोन खेपांत त्यांची चेष्टा करणंही गावाने सोडून दिलं, इतके ते धापा टाकत होते. कारिन चुलीपाशी उकिडवी बसून कांदे चिरत होती, नाक-डोळे गळत होते. वरच्या बायका येऊन बघून जायच्या. एक म्हणाली, जावई मोठा नाजूक मिळालाय. कारिनला ते अर्धंच कळलं, पण ती हसली आणि चिरत राहिली. देओलिंदा नि लीदिया मोठ्या हंड्यावर होत्या. धुरात शेजारी-शेजारी उभ्या, एकीने ढवळायचं, दुसरीने लाकूड सारायचं.

वाढायला देओलिंदा स्वतः गेली. लाझारोंपुढे तिने रेड्याचं मटण ठेवलं. म्हाताऱ्याने पहिला तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. तिला रडूच फुटायचं राहिलं, कारण ज्याला उठून जायचंय तो मिठाबद्दल बोलत नाही. तिने धावत जाऊन मीठ आणलं. मग वरच्यांनी पानांवरून डुकराचं मटण चुलीपाशी पाठवलं. कारिनच्या खांद्यावर ताइस पडलं, अबीलियोच्या पडलं. देओलिंदाच्या खांद्यावरचं लाझारोंनी स्वतः घातलं, आणि किल्ली चाचपत ते झऱ्याकडे निघाले. कारिन नि अबीलियो त्यांच्या मागे गेले.

देओलिंदाला जाता आलं नाही. हंडा उतरवायचा होता. तोटी उघडताना म्हाताऱ्याने झऱ्यावरच्या देवाच्या दगडाशी काय बोलणं केलं, ते तिने ऐकलं नाही. तिला ऐकू आलं ते नंतरचं, दरीतून वर येणारं. आधी कुत्री भुंकली. मग भांडी वाजायला लागली, एक, दोन, मग सगळ्या गावाची. मग मानुतासीच्या छोट्या चर्चची घंटा, जी रविवारशिवाय कुणी वाजवत नाही, ती थांबेचना. डोंगराची एक अख्खी बाजू वाजत होती.

लीदियाने डाव खाली ठेवला. सवयीने तिने सकाळी रिकामा कॅन पाठीवर आणलाच होता. तिने तो उलटा केला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर ऐसपैस बसली.

"सरक," देओलिंदा म्हणाली. दोघी त्या एका कॅनवर कशाबशा मावल्या.

लाझारो परत आले तेव्हा त्यांचे पाय चिखलाने भरले होते. दोघींना बसलेलं बघून ते थांबले.

"जावयांनो, भांडी घासायची राहिलीत."

"पाणी कुठाय, अवो?" देओलिंदा म्हणाली. "सगळं तर खाली गेलं."

म्हातारे हसले, सुपारीने लाल झालेले दात सगळे दिसेपर्यंत. देओलिंदाने ताइस खांद्यावर नीट सावरलं, हंड्याचा एक कान धरला, दुसरा लीदियाने, आणि दोघी झऱ्याकडे निघाल्या.