आईच्या पेटीतला पाला

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. आजोबा महूला फौजेत होते, बाबा निवृत्त मास्तर. कुणी भूत-आत्मा म्हटलं की बाबा त्याला बसवून तासभर समजावणार. मी स्वतः इंदूरच्या सांवेर रोडला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. रिपोर्ट पाहिल्याशिवाय कशावर सही करत नाही. तरीही हे लिहितेय... कारण गेल्या एप्रिलपासून ते डोक्यातून जात नाही.

चौदा एप्रिलच्या आधी आमच्याकडे घर आवरून रंग काढतात. या वेळचं आवरणं मात्र वेगळं होतं. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि खजरान्याजवळचं घर भाड्याने देऊन बाबा कायमचे दादाकडे बंगळुरूला निघाले होते. "अकेला कसा राहू गं," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं खरं, पण बाबा गेले की इंदूरमध्ये मला माहेर उरणार नव्हतं.

कपडे वाटले, भांडी वाटली, रद्दी गेली. शेवटी उरली आजोबांची लोखंडी फौजी पेटी. थंडी संपली की आई तिच्यात स्वेटर-शाली ठेवायची आणि कसर लागू नये म्हणून मध्ये कडुनिंबाचा पाला घालायची. शेवटचं कुलूप तिनेच लावलेलं. ती गेल्यापासून किल्ली माझ्या घरी, माझ्या कपाटात. कुलूप इतकं गंजलेलं की तेल सोडून, ठोकून उघडावं लागलं. दारात भंगारवाला "दीदी, जल्दी करो ना" म्हणत ताटकळत होता.

झाकण उघडलं — आणि शालींच्या घड्यांत कोवळा पाला. तांबूस, मऊ, आत्ताच झाडावरून तोडल्यासारखा.

"तुम्ही ठेवलात?" मी बाबांना विचारलं.

"किल्ली तर तुझ्याकडे आहे न बेटा."

भंगारवाल्याला परत पाठवलं. मग माझी खोड... थोडा पाला डबीत घालून लॅबमध्ये नेला. दुसऱ्या दिवशी तो सुकला, कुठलाही पाला सुकतो तसा. पेटीत उरलेल्याच्या शेजारी अंगणातल्या कडुनिंबाचा पाला खुणेला दोरा बांधून ठेवला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये. आठवड्याने पाहिलं तर दोरा बांधलेल्याचा चुरा झाला होता. आईने ठेवलेला तस्साच. ओलावा म्हणावा, तर शाली कोरड्या ठणठणीत. लॅबमधल्या लोकांनाही आडून आडून विचारलं, कुणाला काही सांगता आलं नाही.

मला वाटलं, आता बाबा लेक्चर देणार. पण त्यांनी एक डहाळी हातात घेतली.

"मी म्हणायचो हिला, डांबराच्या गोळ्या टाक. ऐकायचीच नाही," ते म्हणाले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिचा विषय काढला होता. मला रडू आवरेना.

मग त्यांनी डहाळी परत शालीत ठेवली. "आत्मा-बित्मा काही नसतं. कारण असणारच. आपल्याला माहीत नाही, बस."

"मग आता?"

"मग काय... कारण सापडेपर्यंत जाऊ कसा? दादाला फोन लाव."

पावसाळा गेला, थंडीही आली. बाबा इथेच आहेत. दर रविवारी मी जाते, आम्ही पेटी उघडतो, बाबा चष्मा लावून पाला निरखतात, आणि चहासोबत आमचे तर्क सुरू होतात. उत्तर अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर... नाही, खरं सांगू? इतक्यात कळवू नका.