फ्लेअरवर भाकरी भाजणारा माणूस

लेकीच्या शाळेतून मेल आला तेव्हा मी इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसात शिपमेंटचे कागद निपटत होते. पाचवीचा कार्यक्रम होता. ओसाड मुलखात सगळ्यांच्या आधी जाऊन राबलेल्या एखाद्या अचाट माणसाची गोष्ट प्रत्येकाने स्टेजवर सांगायची. सोबत यादी होती. यादीत झाडून सगळे अमेरिकेच्या गवताळ माळावरचे दाढीवाले राक्षस, एका लाथेत नदी वळवणारे. खाली एक ओळ: तुमच्या मुलीची गोष्ट यादीत नाही, कृपया बदलावी.

माझं डोकंच फिरलं. म्हणे यादीत नाही!

लेकीने निवडलेली गोष्ट माझ्या बाबांची होती, त्यांनीच रचलेली. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं इथल्याच वाळवंटात, रुवैसला घालवली, रिफायनरीच्या बांधकामावर. व्हिजिट व्हिसावर ते आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी आले होते आणि शनिवारी परत जायचे होते. गुडघे गेलेत, आता पुन्हा येणं नाही, असं त्यांनीच सांगून टाकलं होतं.

त्यांच्या गोष्टीतला माणूस सात मजले उंच. तो बनियन पिळायचा म्हणून तिथला समुद्र इतका खारट. तो डुलकी काढायला बसला तिथे जमिनीला खड्डा पडला, अजून आहे म्हणे. रिफायनरीच्या उंच चिमणीवर जी ज्वाळा जळते ना, ती फ्लेअर, तिच्यावर तो टाकीच्या झाकणाएवढी भाकरी भाजायचा आणि क्रेनने ठेचा वाढून घ्यायचा. लेक लहानपणापासून हे ऐकून लोळून हसायची.

दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून मी शाळेत धडकले. लेक शेजारी उभी. बाई गोडच बोलल्या. म्हणाल्या, "पण मॅडम, तुमचे वडील तिथे नक्की काय करायचे?"

"साइट सुपरवायझर होते," मी म्हणाले.

तोंडातून निघूनही गेलं. सवयच ती. शाळेच्या फॉर्मवर, बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवाला, सासरी, सगळीकडे मी हेच सांगत आले होते. आपल्यात कुणाचा बाप मजुरांच्या कॅम्पात राहायचा असं इथे कुणी म्हणतच नाही. सगळ्यांचे बाप सुपरवायझर!

बाबा रिगर होते. अवजड माल क्रेनला बांधून द्यायचा आणि खाली उभं राहून हाताच्या खुणांनी ऑपरेटरला सांगायचं. हात वर, बोट गोल फिरवलं की उचल. आणि एक नियम, तो त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलेला: खूण करणाऱ्याने माल जमिनीला टेकेपर्यंत जागा सोडायची नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी लेकीने बाबांसमोरच विचारलं, "मम्मा, इफ आजोबा वॉज अ सुपरवायझर, देन हू टाइड द रोप्स?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कप खाली ठेवून लेकीला म्हणाले, "जाऊ दे गं. थापाच त्या म्हाताऱ्याच्या. तू तो दाढीवाला सांग."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांची थाप ऐकून पोरं हसायची तरी. माझ्या थापेने त्यांची सगळी मेहनत पुसून टाकली होती, आणि वर तोच माणूस मला सांभाळून घेत होता.

तिथेच फोन उचलला आणि शाळेला लिहिलं: आज मी खोटं बोलले. माझे वडील रिगर होते. गोष्ट तीच होईल. उत्तर आलं, यादीबाहेरची गोष्ट असेल तर मार्क कापले जातील. म्हटलं कापा, खुशाल कापा!

गुरुवारी लेक स्टेजवर गेली, डोक्यावर आजोबांचं जुनं हेल्मेट, डोळ्यांपर्यंत आलेलं. फ्लेअरवरच्या भाकरीला हॉल हसला. बनियनलाही हसला. मग सगळ्या क्रेन बंद पडतात आणि तो माणूस एकटा टॉवर उचलतो, तिथे ती अडली. समोरच्या रांगेत कुणीतरी हसत "लेबर कॅम्प स्टोरी" म्हणालं. तिने ते ऐकलं. बाई विंगेतून पुढे सरकल्या, खलास, आता हिला खाली आणणार.

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. बाबा उभे राहिले होते, त्या गुडघ्यांवर. हात वर, बोट गोल गोल.

लेकीने पाहिलं. हेल्मेट मागे सारलं आणि सुरू झाली. टॉवर उचलला, फिरवला, त्याच्या चौथऱ्यावर ठेवला. शेवटी म्हणाली, "ही वॉज अ रिगर. माय आजोबा. दॅट्स हिम, स्टँडिंग."

मागे बसलेल्या कुणाच्या तरी आईने वाकून मला विचारलं, "युअर फादर?"

"हो," मी मराठीतच, चांगलं मोठ्याने सांगितलं. "माझे वडील. रिगर होते."

टाळ्या वाजून संपल्या तरी बाबा उभेच, हात वरच. बाई पुढच्या मुलाला बोलवत होत्या. मी बाबांची बाही ओढली, ते हलले नाहीत. एरवी सगळी उत्तरं इंग्रजीत देणारी माझी लेक माइकवर पुन्हा वाकली.

"आजोबा, टेकला," ती म्हणाली. "बसा आता."