हातोडा माझ्याकडं

सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे प्लंबरकाका रोज चहाला भेटतात. गंजलेल्या नटाशीही ते बोलतात, "सुट की गड्या, किती मान ठेवू तुझा?"

मी आठवीत शाळा सोडून नांदेडहून आलेला भाडेकरू. खोलीतला फुटका कमोड बदलायचा होता. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "फरशी फुटली तर खोली सोडायची."

काकांनी आल्या आल्या हातोडा माझ्या हातात दिला. "ह्यो तुझ्याकडं ठेव. मला राग लय लवकर येतो. मागितला तरी देऊ नगं."

मग ते पोत्यावर बसले आणि करवतीच्या पात्यानं कमोडच्या बुडाचं पांढरं सिमेंट कापू लागले. एक कोपरा काही केल्या सुटेना.

"आन तो हातोडा हिकडं," ते खेकसले.

या गावात मी आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. हातोडा पाठीमागं धरून म्हणालो, "नाही देत, काका."

त्यांनी डोळे वटारले, मग गुपचूप पातं बदललं.

कमोड अलगद उचलला गेला. एकाही फरशीला चीर नव्हती. मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

काका घाम पुसत म्हणाले, "मागल्या कामाला त्या घरच्या मालकानं भिऊन हातोडा दिला हुता. फुटलेली फरशी मलाच बसवून द्यावी लागली."