मामांचं बहुमत

लंडनच्या उपनगरांत, पिनरपासून हॅरोपर्यंत, ब्रिटिश पोलिसांविषयी ज्याचं मत आमच्या मामांनी विचारलेलं नाही असा मराठी माणूस आता उरलेला नाही. एखादा सापडलाच तर तो कालच हीथ्रोला उतरलेला असणार, आणि येत्या शनिवारी मामा त्यालाही गाठणार. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लीड्सच्या हॉस्पिटलात उभा जन्म लोकांना भूल देण्यात गेला. निवृत्त झाल्यावर मुलीच्या जवळ राहावं म्हणून ते आमच्याच गल्लीत राहायला आले. आयुष्यभर ज्यांच्याशी बोलले ती माणसं बोलता बोलता झोपून जायची, म्हणून असेल, जागा माणूस समोर दिसला की मामांना काय विचारू आणि काय नको असं होतं. प्रश्न मात्र एकच. "इथले पोलीस सगळ्यांना सारखं वागवतात का? हो की नाही, तेवढंच सांगा. निबंध नको." हा प्रश्न त्यांनी सत्यनारायणाला आरतीचं ताट फिरत असताना विचारला आहे, बारशाला पाळण्याशी उभं राहून विचारला आहे, आणि माझ्या देखत एका प्लंबरला, तो सिंकखाली आडवा असताना, विचारला आहे. आधी पाणी बंद करू द्या, मग मत देतो, असं प्लंबर म्हणाला.

ही पाहणी सुरू झाली ती गुढीपाडव्याच्या जेवणावरून. मामांचा जावई मार्कस शाळेत गणित शिकवतो. त्याचे आजीआजोबा जमैकाचे, जन्म दक्षिण लंडनचा, आणि श्रीखंड तो आम्हा सगळ्यांपेक्षा मन लावून खातो. त्या दिवशी खाता खाता त्याने सहज सांगितलं, की आदल्या आठवड्यात पोलिसांनी त्याची गाडी थांबवली, गाडी कोणाची म्हणून विचारलं, डिकी उघडायला लावली आणि आत निघालेले मुलांच्या वह्यांचे गठ्ठे बराच वेळ तपासले. मामा पुरी वाढत म्हणाले, "काहीतरी कारण असेलच. कारणाशिवाय लक्षण नसतं." मार्कसने चमचा खाली ठेवला. "कारण आहे ना, बाबा. रोज दाढी करताना मला आरशात दिसतं." हे तो हसून म्हणाला, पण वाटी अर्धी टाकून उठला, आणि त्यानंतर मामांच्या घरी आला नाही. नेहा, म्हणजे मामांची मुलगी, एकटी यायची. अंगातला कोट न काढता चहा प्यायची आणि जायची.

दुसरा कोणी असता तर फोन उचलून मोकळा झाला असता. मामा शास्त्रीय माणूस. ते मला म्हणाले, "माझं चुकलं हे आधी सिद्ध होऊ दे. लोकांचं बहुमत म्हणालं की पोलीस दुजाभाव करतात, तर मी स्वतः जाऊन सॉरी म्हणेन. नाही म्हणालं, तर त्याने यावं." अशा रीतीने जावयाने सासऱ्याच्या दारात पाऊल टाकायचं की नाही, हे वायव्य लंडनच्या जनमतावर येऊन ठेपलं. मी विमा कंपनीत आकडेमोड करतो, त्यामुळे मामांनी मला विनावेतन सल्लागार नेमलं, आणि माझा एकही सल्ला मानला नाही.

पहिली अडचण अशी, की आपली माणसं उघडपणे मत देईनात. "व्हिसाचं काम चाललंय मामा, सध्या आम्हाला मत नाही," असं पुण्याहून आलेल्या एका कंप्युटरवाल्याने सरळ सांगितलं. मग मामांनी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळात गुप्त मतदान ठेवलं. पोलीस सगळ्यांना सारखं वागवतात असं वाटत असेल त्याने चकली घ्यायची, वाटत नसेल त्याने बेसनाचा लाडू. लाडवांची परात बघता बघता रिकामी झाली. मामा कोट चढवून मार्कसकडे निघालेच होते. मी म्हटलं, "मामा, लाडू साजूक तुपातले होते आणि चकली मऊ पडली होती. शिवाय चकली घेणारे बहुतेक सगळे डायबेटिसवाले. यातून एवढंच कळलं, की ज्यांना शुगर आहे त्यांचा पोलिसांवर विश्वास आहे." मामा गंभीरपणे म्हणाले, "असू शकेल. ब्लड प्रेशरवाल्यांचंही बघायला हवं." आणि कोट काढून ठेवला.

माझी हरकत मान्य करून भाऊबीजेला त्यांनी दोन्ही पराती चकल्यांच्याच ठेवल्या. एक कुलकर्णी वहिनींची, एक जोशी काकूंची. पाच मिनिटांत पोलीस बाजूला राहिले आणि मतदान कशाचं चाललंय हे सगळ्यांना स्पष्ट झालं. त्या दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. मग मामा आमच्या शेजारच्या इंग्रज आजींकडे गेले. पोलिसांशी त्यांचा संबंध मांजर हरवलं तेव्हा आला होता. "अतिशय सभ्य तरुण. बूट काढून आत आला." मामांनी ते मत जास्त वजनाचं धरलं, कारण मांजर सापडलं होतं.

शेवटी लोकांवर विसंबण्यापेक्षा प्रयोग स्वतःवर करावा असं ठरलं. माकडटोपी घालून, चादरीत गुंडाळलेला प्रेशर कुकर काखेत मारून मामा एका दुपारी स्टेशनबाहेर संशयास्पद येरझाऱ्या घालू लागले. कोणी बघेना तेव्हा ते एका हवालदाराच्या अगदी पुढ्यात जाऊन दचकले. हवालदाराने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, कुकर स्वतः उचलून बस स्टॉपपर्यंत आणला आणि ड्रायव्हरला सांगितलं, की यांना नीट उतरवा. मामा घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "टेस्ट निगेटिव्ह," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, आज तरी मला थांबवतील."

मी आकड्यांचा माणूस. चुकीची पद्धत बघून माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मी जरा जोरातच बोललो. "मामा, ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट म्हणाला दुखतंय, तर तुम्ही वॉर्डात फिरून मत घेत होतात का, की बाकीच्यांना दुखतंय का म्हणून? बाकीचे नाही म्हणाले, तर चालवा सुरी?"

मामांनी माकडटोपी काढून कुकरवर ठेवली. मग म्हणाले, "कसं शक्य आहे? त्यालाच विचारायचं." आणि उठत, "गाडी काढता का?"

मार्कसने दार उघडलं. मामांनी वाटेत इंग्रजीत एक भाषण तयार केलं होतं, त्यातलं त्यांना काही आठवलं नाही. ते उंबऱ्यातच म्हणाले, "त्या दिवशी मी तुला काही विचारलंच नाही. आता सांगशील?"

मार्कसने त्यांच्याकडे जरा बघितलं. "आत या, बाबा. गारठा आहे."

त्याने सांगितलं. ती पहिली वेळ नव्हती. तो स्वतः शाळेत शिकत होता तेव्हापासूनचं होतं. बस स्टॉपवरचं, दुकानाबाहेरचं, नेहा शेजारी बसलेली असतानाचं. नेहालाही त्यातलं सगळं ठाऊक नव्हतं. मामांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. किती वेळा, हा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. निघताना ते मार्कसला एवढंच म्हणाले, "माझं चुकलं." बहुमताचं काय झालं, हा विषय कोणी काढला नाही.

मार्कस आता रविवारी जेवायला येतो. पूर्वीसारखा मोकळा हसतो असं मी म्हणणार नाही, पण येतो. मामांची पाहणी बंद पडली. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण मामा आता हवापाण्यावर बोलतात आणि तेही थोडंच. दुपारी मार्कस जायला निघाला की ते पुढच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभे राहतात. गाडी वळणावरून दिसेनाशी होते. मग फोन हातात धरून ते त्याच्या मेसेजची वाट बघतात. पोचलो, असा मेसेज येतो. मी म्हणतो, "मामा, बसा आता." ते म्हणतात, "हो, बसतो." आणि अजून थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहतात.