मालनताईंच्या पानावरचं चित्र

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. एके काळी दोन-अडीचशे माणसांनी काय पाहावं आणि काय पाहू नये, हे माझ्या एकट्याच्या हातात होतं.

वाक्य जरा जड झालं. हलकं करून सांगतो. आमच्या शिक्षण संस्थेचं मुख्य कार्यालय साताऱ्याला, आणि मी सांगलीच्या विभागीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा संस्थेनं संगणक घेतले, ते फोनच्या तारेनं साताऱ्याला जोडले आणि सगळ्यांसाठी मिळून एक पान तयार करून घेतलं. त्याला पोर्टल म्हणायचं, असं परिपत्रकच निघालं. उद्घाटनाला अध्यक्षांनी संगणकाला हार घातला. तो नेमका पडद्यावर आला, त्यामुळे कशाचं उद्घाटन झालं ते शेवटपर्यंत कुणाला दिसलं नाही.

आपलं नाव आणि परवलीचा शब्द घातला की पानावर छोटी छोटी चित्रं येत – रजेचं, हजेरीचं, परीक्षांचं. ज्या चित्रावर टिचकी माराल ते काम उघडे. कुणाला कोणती चित्रं दिसावीत याची एक यादी होती, आणि सांगली विभागाची यादी माझ्याकडे होती. नावापुढे खूण केली की चित्र दिसे. खूण काढली की नाहीसं होई. कुलूप नाही, पाटी नाही. बंद दार निदान ठोठावता तरी येतं – भिंत कोण ठोठावणार?

थोड्याच दिवसांत या चित्रांना मान आला. आमचे अधीक्षक ती मोजत. "प्राचार्यांना अकरा आणि मला नऊ?" असं त्यांनी एकदा भर कार्यालयात विचारलं. मी त्यांना दोन चित्रं वाढवून दिली. ती कशालाच जोडलेली नव्हती. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती एकदाही उघडून पाहिली नाहीत. मी मनातल्या मनात हसत असे. माणसं कशावर भुलतात ते आपल्याला कळतं, आपण त्यातले नाही – असं मला वाटे.

हे सगळं मी का सांगत बसलोय? मूळ गोष्टीवर यायचं टाळतोय, म्हणून.

मालनताई आमच्याकडे आवक-जावक बघत. नवरा सैन्यात, कायम लांब कुठंतरी. त्या विश्रामबागेत एका खोलीत राहत. मला दादा म्हणत. मी पुस्तकं वाचणारा माणूस, आणि त्या कार्यालयात पुस्तकाचा उपयोग फाईल उडू नये म्हणून वर ठेवण्यापुरता. मालनताईंनी एकदा असंच एक पुस्तक फाईलीवरून उचलून घरी नेलं. चार दिवसांनी परत आणलं आणि म्हणाल्या, "दादा, ह्यातली माणसं जेवत्यात कवा? दोनशे पानं झाली, नुसता इचारच करत्यात." मी इतका हसलो, की अधीक्षकांनी मान वर केली. मग दर आठवड्याला एक पुस्तक. एका थोर कादंबरीबद्दल त्या एवढंच म्हणाल्या – "हिरो मेला तवा लय बरं वाटलं." एवढं खरं परीक्षण मी छापलेलं कधी वाचलं नाही.

त्यांची आई रहिमतपूरला एकटी होती. तिला विसर पडायला लागला होता. आधी स्टोव्ह बंद करायला विसरे, मग शेजारणीचं नाव. मालनताई दर शनिवारी एसटीनं जात आणि सोमवारी आल्या आल्या सांगत – "अजून वळखती मला." तिथं आमच्या संस्थेची शाळा होती, आणि त्यांना तिकडं बदली हवी होती. आई ओळखते आहे तोवर तिच्याजवळ राहायचं, बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

विनंती बदलीचे अर्ज पूर्वी कागदावर होत. त्या वर्षीपासून ते फक्त पोर्टलवर – एप्रिलचे पंधरा दिवस. मी यादी घेऊन बसलो, आणि त्यांच्या नावाशी आल्यावर खूण केली नाही.

नाही – आता खोटं कशाला? साताऱ्याहून यादी आली तेव्हा खूण सगळ्यांपुढे होतीच. मी त्यांची काढली.

का? त्या गेल्या असत्या तर सोमवारी मी कुणाशी बोललो असतो? कारण एवढंच होतं. याहून मोठं काही असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "दादा, कदमांच्या पानावर बदलीचं चित्र हाय. माझ्या न्हाई."

"यंदा पाच वर्षं पूर्ण झालेल्यांनाच आहे," मी म्हणालो. त्यांची चार झाली होती. परिपत्रक सहा पानांचं होतं आणि पहिल्याच परिच्छेदात 'पारदर्शकता' तीनदा आली होती, तेव्हा पुढं कुणी वाचलं असेल ही भीती नव्हती. पुस्तकातल्या प्रत्येक माणसाशी भांडणारी ही बाई – माझ्याशी भांडली नाही. "व्हय का? मग फुडल्या साली," म्हणाली, आणि नवीन पुस्तक मागितलं. मी दिलं.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्या आल्या त्या सरळ आवक-जावकची वही उघडून बसल्या. दुपारी डबा उघडताना म्हणाल्या, "काल वळखलं न्हाई." मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

पुढच्या एप्रिलला त्यांच्या नावापुढे खूण होती. बदली झाली. निरोप समारंभात त्यांनी माझे आभार मानले, सगळ्यांदेखत. महिन्याभरानं पत्र आलं. लिहिलं होतं – 'आई मला आवं-जावं करते. "आवं बाई, तुमी कुणाच्या?" म्हणते. जेवायला वाढलं की "कशाला तरास घेतला" म्हणते. लय मान देते, दादा. तुमच्यामुळं जवळ तरी आले.'

मी उत्तरादाखल एक पुस्तक पाठवलं. त्यात चिठ्ठी ठेवायची म्हणून लिहायला घेतली होती. ठेवली नाही.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की त्या साली अर्ज केला असता तरी बदली मिळालीच असती असं कुठं आहे? एकेका जागेवर पाच-पाच जण टपलेले असतात.

त्या सालचा बदल्यांचा अहवाल मीच टाईप केला होता. रहिमतपूरच्या शाळेतल्या लिपिकाच्या जागेपुढे नोंद आहे – रिक्त. एकही अर्ज आला नाही.