काकडं हायत का घरी?

भिसेगावच्या कोपऱ्यावर पहिल्या पावसात रानभाजी घेऊन बसणारी शेवळंवाली मावशी भाव सांगायच्या आधी गिऱ्हाइकालाच विचारायची, "काकडं हायत का घरी?" नाही म्हटलं, की शेवळांच्या जुडीवर आपल्या वाडीतल्या झाडाची मूठभर काकडं, ती छोटी आंबट फळं, ठेवायची. ती नको म्हणणाऱ्याला शेवळंही मिळत नसत. काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे मला जरा जास्तच कळायचं! पहिल्याच वर्षी "आहेत, आहेत" अशी थाप मारून जुडी आणली आणि नुसत्या कांद्यावर परतली. आमच्या ह्यांचा घसा असा धरला, की संध्याकाळपर्यंत ते खुणांनीच बोलत होते. त्या खुणा इथे सांगण्यासारख्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तणतणत गेले, तर मावशी पोट धरून हसली. "बाय गं, आत बारीक काटं असत्यात. आंबटानं मारल्याबिगर शिजवलंस?"

काटे? उरलेल्या शेवळाचा पातळ काप मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि किंचाळलेच. सुयाच सुया! झाडाने स्वतःच्या पेशींत घडवलेल्या, जुडी बांधल्यासारख्या, लखलखीत खनिजाच्या सुया! कॅल्शियम ऑक्झलेटचे हे स्फटिक मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत होते. ते माझ्या कढईत असतील, हे डोक्यातच आलं नव्हतं. तशीच धावले आणि मावशीला टोपलीसकट रिक्षात घालून कॉलेजात आणलं. एक डोळा हाताने झाकून तिने बराच वेळ बघितलं. "हेच ते. बोटांना म्हाईत व्हतं, आज डोळ्यांनी बघितलं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पुढे एका वर्षी ती नुसती करवंदं घेऊन आली.

"काकडाचं झाड तोडलं गं. फार्महाऊस हुतंय तिथं. काकडं नाय तं शेवळं कशी देऊ?"

"लोक चिंच घालतील की, मावशी."

"आन् नाय घातली तं? तू तरी कुठं घातलीस?"

हंगामाची कमाई गेली, तरी तिचा हेका सुटेना. दुसऱ्या दिवशी मात्र त्या पडलेल्या झाडाची मनगटाएवढी फांदी आणून तिने माझ्या अंगणात खोचली. "जगंल ही. मंग इकू शेवळं."

फांदी जगली. मावशी मात्र गेल्या थंडीत गेली. तिने त्या झाडाची काकडं पाहिली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कारण यंदा झाड घोसांनी लगडलं! मी ओरडत घरभर फिरले आणि तिच्या सुनेला निरोप धाडला. ती आली, टोपली भरून शेवळं घेऊन, आणि त्या झाडाखालीच उभी राहिली. मी हात पुढे केला. तिने जुडी मागे घेतली.

"काकडं हायत का घरी?"

"आहेत," मी म्हटलं. या वेळी खरं.